समुद्राची राखण



आमच्या व्याख्यानाचा विषय छापून आला तेव्हा एका स्नेह्याने आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, "अहो, कामगारांच्या सभेत बोलणारे तुम्ही. नौदलाची विमाने आणि ती बिनमाणसांची ड्रोन ह्यांच्याशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मुंबईच्या गोदीत, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि वाचनालयांत. नौदलात आम्ही एक दिवसही काढलेला नाही. पण गेली तीसएक वर्षे आमचा संसार गोदी कामगार, खलाशी आणि मच्छीमार ह्यांच्यांत झाला आहे. समुद्रावर चाचे आले, तुफान आले किंवा जहाज फुटले, की त्यावर असलेला माणूस बहुधा आमच्या ओळखीचा निघतो, नाहीतर ओळखीच्याचा भाऊ निघतो. म्हणून समुद्राची राखण कोण करतो, कशी करतो आणि कोणासाठी करतो, हा प्रश्न आम्हांला परका वाटत नाही.

आपले शहर समुद्रापासून दूर. तेव्हा आधी शेतातलेच उदाहरण घेऊ. ज्वारी हुरड्यावर आली की शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा उभा राहतो. राखणदार गोफण घेऊन त्यावर चढतो. तो वर का चढतो? पाखरे तर जमिनीवरूनही दिसतात! पण खाली उभ्या माणसाची नजर पुढच्या दोन ताटांत अडते, आणि पलीकडच्या बांधावर थवा उतरला तरी त्याला पत्ता लागत नाही. समुद्रावर ताटे नाहीत, पण पृथ्वीच गोल आहे आणि तिचीच पाठ आडवी येते. हा हिशेब आम्हांला गोदीतल्या एका म्हाताऱ्या सारंगाने शिकवला, तोही सिमेंटच्या गोणीवर खडूने आकडे मांडून. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला साडेतीनने गुणायचे. जितके येईल तितके किलोमीटर दूर क्षितिज. मच्छीमाराच्या होडीवर उभा माणूस तीन मीटर उंचीवरून पाहतो, त्याला सहा किलोमीटर दिसते. जहाजाच्या पुलावरच्या अधिकाऱ्याची उंची पंधरा मीटर धरली तर त्याला चौदा. आणि दहा हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला साडेतीनशे! जहाज वाढवून वाढवून किती उंच करणार? म्हणून नौदलाला माळा हवा असतो, आणि हा माळा चालता हवा असतो.

शेत केवढे आहे तेही सांगितले पाहिजे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या ज्या पाण्यातल्या मासळीवर आणि तळच्या तेलावर आपला हक्क आहे, त्याचे क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. महाराष्ट्रासारखी सहा-साडेसहा राज्ये त्यात मावतील. किनाऱ्याची लांबी आम्ही शाळेत ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली होती. अलीकडे सरकारने ती नव्याने मोजली तेव्हा ११,०९८ निघाली. किनारा वाढलेला नाही, मोजपट्टी बारीक झाली. प्रत्येक खाडी आणि प्रत्येक वळण हिशेबात आले. चोरवाटा ज्यांना ठाऊक होत्या त्यांना हे पूर्वीपासून माहीत असणार, ही गोष्ट वेगळी. देशाचा परदेशी माल वजनाने मोजला तर त्यातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास समुद्रावरून येतो-जातो, आणि ज्या कच्च्या तेलावर तुमच्या गावची एस.टी. चालते तेही बहुतेक त्याच वाटेने येते.

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे नौदलाजवळ असा लांब पल्ल्याचा माळा नव्हता. लांबवरची सागरी टेहळणी हवाई दलाकडे होती, आणि त्यासाठी एअर इंडियाने प्रवाशांसाठी वापरून झालेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने कामाला लावली होती. १९७१ च्या डिसेंबरात ह्याची किंमत कळली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. पाणबुडी त्या भागात आहे असा सुगावा होता, 'खुकरी' तिच्याच शोधात निघाली होती. पुढे काही दिवस शोध चालला, तरी 'हंगोर' निसटून कराचीला पोहोचली. चांगली विमाने असती तर काय झाले असते, हे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण पाच वर्षांनी, १९७६ साली, सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे आले. १९७७ साली रशियाची इल्यूशिन-३८ विमाने गोव्याला दाबोळीच्या तळावर उतरली आणि १९८८ साली तुपोलेव्ह-१४२ ही अवाढव्य विमाने त्यांच्या जोडीला आली.

आता पाणबुडी शोधतात कशी, हे नीट समजून घेऊ, कारण ह्या साऱ्या खर्चाचे मर्म तेथे आहे.

रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. पाणबुडी वर आली, निदान तिने दुर्बिणीची नळी बाहेर काढली, तरच रडारला काही दिसण्याची आशा. एकदा ती खाली गेली की डोळा निकामी आणि कान कामाचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात तो १,५०० मीटर जातो आणि फार लांबवर जातो. पण साडेआठशे किलोमीटर वेगाने उडणारे विमान पाण्याला कान कसा लावणार? त्यावर युक्ती अशी. विमानातून हातभर लांबीच्या नळकांड्या टाकतात. प्रत्येक नळकांडे लहानशा छत्रीने खाली येते, पाण्यावर तरंगू लागते, त्यातून लांब तारेला बांधलेला पाण्याखालचा मायक्रोफोन खोल उतरतो, आणि तो जे ऐकेल ते वरची बिनतारी यंत्रणा विमानाला कळवत राहते. ह्याला सोनोबॉय म्हणतात. कोकणातला माणूस त्याला 'ऐकणारा बोया' म्हणेल आणि ते नाव अधिक चांगले ठरेल. असे बोये ओळीने किंवा वर्तुळात टाकायचे आणि कोणत्या बोयाला आवाज आधी व मोठा येतो ते पाहून पाणबुडीचा माग काढायचा. काही बोये नुसते ऐकतात. काही स्वतः आवाज करून त्याचा पडसाद पकडतात. पण आवाज केला की पाणबुडीलाही कळते की वर कोणीतरी आले आहे.

हे सांगायला सोपे आहे. समुद्र मात्र गप्प बसत नाही. वरचे पाणी उन्हाने तापलेले, खालचे थंड. ह्या दोन थरांच्या सांध्यावर आवाज वाकतो, आणि मुरलेला पाणबुडीवाला ह्या थराखाली दडी मारून बसतो. शिवाय व्यापारी जहाजांचे पंखे, पाऊस, देवमासे, कोळंबी ह्या साऱ्यांचा कालवा चालूच असतो. त्यातून एका यंत्राची एक बारीक घरघर ओळखायची. यंत्रे मदत करतात, आवाजाचे आलेख काढून देतात, पण शेवटी पडद्यासमोर कानाला यंत्र लावून बसलेल्या एका माणसाने म्हणावे लागते की 'हा तोच'. आमचे वडील गिरणीत होते. ते सांगत, दोनशे मागांच्या धडधडाटात जुना जॉबर दारातून आत येता येता उभा राही आणि म्हणे, "त्या तिसऱ्या ओळीतला धोटा बिघडलाय." ही विद्या पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षे कान देऊन येते. नौदलाच्या विमानातला तो ऐकणारा आम्हांला त्या जॉबरचा सख्खा भाऊ वाटतो.

असे हे काम करणारी रशियन विमाने जुनी झाली. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडल्यावर सुट्या भागांचे हाल सुरू झाले. १ ऑक्टोबर २००२ रोजी, इल्यूशिनच्या तुकडीला पंचवीस वर्षे झाली म्हणून दाबोळीवर कवायतीचे उड्डाण चालले असता दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हींतले मिळून बारा जण गेले. खाली जमिनीवर आपापल्या कामात असलेली काही माणसेही गेली. उरलेली इल्यूशिन विमाने त्यानंतरही राबली. शेवटचे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाले. तुपोलेव्ह त्याआधीच, २०१७ च्या मार्चमध्ये गेली होती.

त्यांच्या जागी आले अमेरिकेच्या बोइंग कंपनीचे पी-८आय. जानेवारी २००९ मध्ये आठ विमानांचा सुमारे २१० कोटी डॉलरांचा करार झाला. पहिले विमान मे २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या अरक्कोणमच्या तळावर पोहोचले. २०१६ साली आणखी चारांची मागणी नोंदवली गेली आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत बारा पुरी झाली. त्यांची एक तुकडी अरक्कोणमला आणि दुसरी, मार्च २०२२ पासून, दाबोळीला. ज्या बोइंग ७३७ विमानाने लोक मुंबईहून दिल्लीला जातात त्याच घराण्यातले हे विमान. आसने काढून तेथे पडदे मांडले आहेत, पोटात पाणतीर आहेत, पंखांखाली जहाजावर मारायची क्षेपणास्त्रे लावता येतात आणि वर सांगितलेले बोये शंभराहून अधिक मावतात. किनाऱ्यापासून दोन हजार किलोमीटरांवर जाऊन, तेथे काही तास घिरट्या घालून ते परत येते. भारताने आपल्या विमानांच्या शेपटीला लोखंडाची चाहूल घेणारा एक दांडाही बसवून घेतला. अमेरिकेच्या नौदलाने स्वतःसाठी तो नको म्हटला होता. पाणबुडीच्या पोलादी देहामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात किंचित फरक पडतो, तो ह्या दांड्याला कळतो. पण त्यासाठी विमानाला बरेच खाली उतरावे लागते.

खरेदी झाली म्हणजे विमान आपले झाले, अशी आपली भाबडी समजूत असते. ह्या विमानांबरोबर मिळायची काही गुप्त संदेशयंत्रे अमेरिकेने आरंभी दिली नाहीत, कारण त्यासाठी तिला हवा असलेला करार भारताने केला नव्हता. तो करार सप्टेंबर २०१८ मध्ये झाला. ऐकणारे बोये एकदाच वापरायचे असतात. काही तासांनी ते आपोआप बुडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने भारताला असे बोये विकण्यास मंजुरी दिली, त्याची किंमत होती ५ कोटी २८ लाख डॉलर. हत्ती दारी बांधला की चाऱ्याचा हिशेब रोजचा होतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या विमानांतली काही संदेशयंत्रणा बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाली, आणि त्यांची मोठी दुरुस्ती होसूरला होऊ लागली. आम्ही जुने कामगार. आम्हांला खरेदीच्या समारंभापेक्षा दुरुस्तीची शेड जास्त विश्वासाची वाटते. ज्याला यंत्र उघडून पुन्हा जोडता येते, त्यालाच ते आपले म्हणण्याचा हक्क मिळतो.

आता ड्रोन. २०२० च्या नोव्हेंबरात, लडाखमध्ये चीनशी चकमक झाल्याच्या वर्षी, नौदलाने 'सीगार्डियन' नावाची दोन अमेरिकी ड्रोन भाड्याने घेतली आणि ती अरक्कोणमवरून उडू लागली. पंखांचा पसारा २४ मीटर, पंखा मागच्या बाजूला, वेग पी-८आय विमानाच्या निम्म्याहूनही कमी. पण एकदा वर गेले की तीस तास आणि त्याहूनही अधिक वेळ राहू शकते, असे बनवणारे सांगतात. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा ३१ ड्रोनचा करार झाला. त्यांतली १५ नौदलाची, आठ भूदलाची आणि आठ हवाई दलाची. दुरुस्तीची सोय धरून रक्कम सुमारे ३२,००० कोटी रुपये सांगण्यात आली, आणि ड्रोन यायला २०२९ साल उजाडणार. बोली किती, भाव किती, ह्यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. एवढ्या रकमेवर चर्चा होऊ नये असे कोणी म्हटले तर तो लोकशाहीचा मित्र नव्हे.

'बिनमाणसांचे विमान' हा शब्द मात्र आमच्या कानाला खटकतो. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले तेव्हा आम्हांला असेच सांगितले गेले होते की आता डबे येतील, क्रेन येतील, माणसे लागणार नाहीत. मुंबईच्या गोदीतल्या टोळ्या खरोखरच कमी झाल्या, ते दुःख आम्ही जवळून पाहिले. पण माणसे लागणार नाहीत हे काही खरे ठरले नाही. ती दुसऱ्या जागी गेली. क्रेनच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यापुढे, ट्रकच्या रांगेत, आणि पुष्कळदा कंत्राटदाराच्या वहीत. ड्रोनचेही तसेच आहे. तीस तास ते हवेत राहिले तर तीस तास जमिनीवर कोणीतरी ते चालवत असतो, कोणीतरी त्याच्या कॅमेऱ्यातून पाहत असतो, कोणीतरी ते चित्र वाचत असतो. विमानातला माणूस दहा तासांनी दमून खाली उतरतो, म्हणून विमानही उतरते. ड्रोन उतरत नाही, म्हणून माणसांच्या पाळ्या लागतात. पहाटे तीन वाजता रिकामा समुद्र दाखवणाऱ्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाची पापणी मिटली, तर त्या क्षणी ते कोट्यवधींचे यंत्र आंधळे. पाळी किती तासांची, मध्ये विसावा किती, बदली माणूस आहे की नाही, हे प्रश्न आम्ही गिरणीत आणि गोदीत विचारत आलो. संरक्षणाच्या कामात ते विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. ते राखणीचाच भाग आहेत.

ड्रोनचा एक मोठा गुण मात्र आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. १८ सप्टेंबर २०२४ रोजी भाड्याच्या दोहोंपैकी एक ड्रोन यंत्र बिघडून चेन्नईजवळच्या समुद्रात उतरवावे लागले. लोखंड बुडाले, पुढे कंपनीने बदली दिले, आणि कोणाच्या घरी तार गेली नाही. त्याच्यासमोर २४ मार्च २०१५ ची रात्र ठेवा. गोव्याजवळ नौदलाचे एक लहान टेहळणी विमान, कानपूरला बनणारे डॉर्नियर, समुद्रात कोसळले. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी हे दोघे गेले. तिसरा अधिकारी वाचला. त्याला पाण्यातून कोणी काढले? एका मासेमारी बोटीने! ज्या विमानाने मच्छीमारांवर नजर ठेवायची, त्याच्या वैमानिकाला मच्छीमारांनी जगवले. ह्या प्रसंगाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

तत्पूर्वी ह्या नजरेचा उपयोग होतो का, ते पाहू. आमच्या लोकांपुरते उत्तर 'होतो' असे आहे. ४ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी सोमालियाच्या बाजूला 'लीला नॉरफोक' ह्या मालवाहू जहाजावर पाच-सहा बंदूकधारी चढले. जहाजावर २१ माणसे, त्यांपैकी १५ भारतीय. चाचे चढले तर जहाजाच्या पोटातल्या एका बळकट खोलीत शिरून आतून दार लावून घ्यायचे, हे आता खलाशांना शिकवलेले असते. तसे ते शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नौदलाचे गस्ती विमान जहाजावर आले, त्याने संपर्क साधला आणि जहाजावर नजर ठेवली. दुपारी 'आयएनएस चेन्नई' येऊन भिडली, सैनिक वर चढले तेव्हा चाचे पळालेले होते आणि २१ च्या २१ सुखरूप. त्याच वर्षी मार्चमध्ये 'रुएन' जहाज सुटले. ते तीन महिने चाच्यांच्या ताब्यात होते आणि आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर. 'आयएनएस कोलकाता'ने सुमारे चाळीस तास त्याला अडवून धरले, पी-८आय आणि ड्रोन वरून पाहत होते, हवाई दलाच्या विमानातून कमांडो समुद्रात उतरवले गेले. १७ खलाशी सुटले, ३५ चाच्यांनी शस्त्रे ठेवली. ते खलाशी म्यानमार, अंगोला आणि बल्गेरियाचे होते. भारतीय एकही नव्हता. आम्हांला ह्याचा विशेष अभिमान वाटतो. समुद्रावरचा कामगार कोणत्या देशाचा, हे बुडताना विचारायचे नसते.

पण लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी विमानाने पाहिले आणि जहाज जाऊन पोहोचले. नुसत्या पाहण्याने दोर सुटत नाही.

आणि पाहणे तरी किती पुरे पडते? २००८ च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेल्या दहा जणांनी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पकडली, तिच्यावरच्या खलाशांना मारले, तांडेलाला मुंबईजवळ येईपर्यंत राबवले आणि शेवटी त्यालाही मारले. समजा, त्या दिवशी आजची बाराही विमाने आकाशात असती. त्यांना काय दिसले असते? हिंदुस्थानी नोंदणीची, हिंदुस्थानी रंगाची, मुंबईच्या वाटेवरची एक मासेमारी बोट. अशा बोटी त्या दिवशी शेकडो असणार. आकाशातून बोट दिसते, बोटीवरचा बेत दिसत नाही. ह्या दहा जणांना मुंबईत पहिल्यांदा कोणी हटकले? बधवार पार्कच्या कोळीवाड्यातल्या लोकांनी. अनोळखी पोरे, जड पिशव्या, रबरी होडी. त्यांना हे विचित्र वाटले, त्यांनी विचारले, आणि त्यांना उडवून लावण्यात आले. कोळ्याचा डोळा तीन मीटर उंचीवरचा, पण कोणती होडी कोणाची आणि कोणता माणूस समुद्रावरचा नव्हे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळते. हल्ल्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, राज्याराज्यांच्या होड्यांना वेगळे रंग आले, आणि २०१४ साली गुरगावला अशा सगळ्या माहितीचे एक केंद्र सुरू झाले. हे सारे योग्यच झाले. पण मच्छीमाराला संशयित म्हणून तपासणे आणि राखणदार म्हणून विचारणे ह्यांत फरक आहे. पहिले आपल्याला लवकर जमले, दुसरे अजून जमायचे आहे. ज्याने बुडणाऱ्या वैमानिकाला बोटीत घेतले तो ह्याच जातीचा माणूस.

आता जे सांगायचे आहे ते आम्हांला आजही शांतपणे सांगता येत नाही. १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गुजरातकडे चालले होते. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात 'पी-३०५' नावाचा तराफा नांगरलेला होता. त्याला स्वतःचे चालते यंत्र नव्हते, कामगारांनी त्यावर राहायचे आणि तेलाच्या फलाटांवर काम करायचे, एवढ्यासाठी तो होता. त्यावर २६१ माणसे होती. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, मदतनीस, देशाच्या कानाकोपऱ्यांतली. वादळात नांगर सुटले, तराफा भरकटला, फलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. माणसे जाकिटे बांधून, एकमेकांचे हात धरून रात्रभर लाटांत होती. नौदलाच्या 'कोची' आणि 'कोलकाता' ह्या नौका त्या समुद्रात गेल्या. तेथे जाणे म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावणे होते. त्यांनी आणि इतरांनी मिळून १८६ जणांना बाहेर काढले. उजाडल्यावर पी-८आय विमानही शोधाला आले. तेच विमान, पाणबुडीसाठी घेतलेले, पाण्यावर नारिंगी जाकीट दिसते का ते पाहत फिरत होते. सत्तराहून अधिक माणसे गेली. काहींची प्रेते दिवसांनंतर रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्याला लागली.

आम्ही त्या दिवसांत नातेवाइकांबरोबर मुंबईत एका रुग्णालयाच्या आवारात उभे होतो. एका म्हाताऱ्या बापाने आम्हांला विचारले, "साहेब, वादळ येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं का?" ठाऊक होते. उपग्रहाने ते पाहिले होते, हवामान खात्याने काही दिवस आधीपासून इशारे दिले होते, मच्छीमार होड्या ओढून घरी बसले होते. डोळ्याने आपले काम चोख केले होते. ज्या टेबलावर 'माणसे परत आणा' हे तीन शब्द लिहायला हवे होते, तेथे ते वेळेवर लिहिले गेले नाहीत. ते कोणाचे टेबल, ह्यावर चौकशा झाल्या. येथे आम्ही कोणाचे नाव घेणार नाही. त्या बापाला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही.

म्हणून नव्या विमानांची बातमी येते तेव्हा आम्ही ती आनंदाने वाचतो, आणि लगेच किनाऱ्यावर काय चालले आहे तेही पाहायला जातो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एका योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, मच्छीमाराला ते फुकट. मोबाइल पोहोचत नाही तेथूनही त्यातून मदतीची हाक देता येते आणि वादळाचा इशारा बोटीवर येतो. ३२,००० कोटींच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहावी.

आमच्या ओळखीच्या एका तांडेलाने ते यंत्र आपल्या केबिनीत, देवाच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला लावले आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आपल्या नव्या खलाशांना, झारखंडहून आलेल्या दोन पोरांना, ते कसे वापरायचे हे दाखवत होता. त्यांना मराठी येत नव्हते, ह्याला हिंदी बेताची. शेवटी त्याने लाल बटणावर बोट ठेवले, आकाशाकडे दाखवले आणि मग दोन्ही हात पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखे वर केले. पोरे हसली. त्याने त्यांना हसू दिले, आणि मग दोघांकडून तेच पुन्हा तीन वेळा करून घेतले.